पान चार: जलस्रोत

केपुहच्या तळ्याला अकरा पायऱ्या आहेत. वरून चौथ्या पायरीवर बोटभर रुंदीची एक रेघ आहे, वर पांढरट आणि खाली पिवळी. चुनखडीच्या दगडाशी पाणी वर्षानुवर्षं एकाच उंचीला थांबलं की अशी रेघ उमटते, आणि पाणी गेलं तरी ती जात नाही. सामिनेम रानातून सरपण घेऊन येताना कधीमधी तिथे थांबायची आणि ती रेघ नखाने खरवडून बघायची. तेरा वर्षांत ती झिजली नव्हती. तिच्याखाली सात कोरड्या पायऱ्या, तळाशी गवत, आणि गवतात कुणाची तरी बकरी.

केपुहसारी गावात नदी नाही, विहीर लागत नाही. पाऊस पडतो तो दगडाच्या भेगांतून खाली जातो आणि खालच्या अंधारात कुठेतरी समुद्राकडे वाहत राहतो. वर टिकतं ते तळ्यात, आणि तळ्यात टिकतं ते चिखलामुळे. सामिनेमचा बाप सोदिक्रोमो तळ्याचा राखणदार होता, त्याला हे ठाऊक होतं. पिढ्यान्‌पिढ्या गुरं पाण्यात उतरली, त्यांच्या खुरांनी चिखल मळला, दाबला, आणि भेगांवर जाड लिंपण बसलं.

तेरा वर्षांपूर्वी हार्गियांतो नुकताच लुराह, म्हणजे गावचा प्रमुख, झाला होता. तळं खोल करायला त्याने खोदयंत्र आणलं. म्हातारा सोदिक्रोमो काठी टेकत यंत्रासमोर जाऊन उभा राहिला. गावात थोरांना, पुरुष असो की बाई, म्बाह म्हणतात.

"लुराह, हा गाळ नाही, हे बूड आहे. मडक्याचं बूड खरवडून मडकं मोठं होत नाही."

"म्बाह, तुम्ही राखण करा. खोलीचं मी बघतो," लुराह हसून म्हणाला, आणि बाकीचेही हसले.

दोन माणूस खोल चिखल निघाला. पहिल्या पावसात तळं काठोकाठ भरलं, त्याचे फोटो निघाले. एकोणिसाव्या दिवशी तळाशी मुलाच्या मुठीएवढं भोक दिसलं आणि पाणी गुळण्या करत त्यातून निघून गेलं.

मग गावाची सभा भरली. लुराह म्हणाला, यंदा तळ्याचा नैवेद्य वेळेवर झाला नाही. सगळ्या माना म्हाताऱ्याकडे वळल्या. त्याच्या तापामुळे नैवेद्याला नऊ दिवस उशीर झाला होता. एवढंच खरं होतं, आणि एवढंच पुरलं. पाच महिन्यांनी सोदिक्रोमो गेला. सातव्या दिवशीच्या प्रार्थनेला सामिनेमने केळीच्या पानात बांधून भाताची बेचाळीस पुडकी केली होती. सहा माणसं आली. उरलेला भात तिने दोन दिवस कोंबड्यांना घातला, आणि घालताना कोणकोण आलं नाही त्यांची नावं मनात क्रमाने म्हटली.

त्यानंतर ती रडली नाही, भांडली नाही. ती आपल्या आत्याकडे गेली आणि भात शिजवायला शिकली.

घरचा भात कुणालाही येतो. सहाशे पानांचा भात वेगळा असतो. तांदूळ किती वेळ भिजला, अर्धा शिजवून कधी उपसायचा, बांबूच्या निमुळत्या टोपलीत किती सैल भरायचा, तांब्याच्या हंड्याखाली कुठलं लाकूड, वाफ कधी कोंडायची आणि कधी सोडायची. केपुहसारीत लग्नाचा भात जिच्या हाताचा, तिनेच पहिली चूल पेटवायची अशी रीत आहे. ती पेटेपर्यंत बाकीच्या बायका कांदासुद्धा सोलत नाहीत. आत्या गेल्यावर तो मान सामिनेमकडे आला. गावातल्या प्रत्येक लग्नाला, बारशाला, मयताला तिने भात शिजवला. जे तिच्याकडे जेवायला आले नव्हते त्यांच्याकडेही शिजवला, आणि एकदाही करपला नाही. लोक म्हणायचे, सामिनेमच्या पोटात राग नाही. ती ऐकून घ्यायची. तिच्याखेरीज कुणाला हे काम येणार नाही, याची तिने एवढी वर्षं काळजी घेतली होती. शिकायला आलेल्या पोरींना ती पाणी भरायला लावायची आणि वाफेचं काही सांगायची नाही. लुराहाच्या घरी एकच मुलगी होती, आणि मुली मोठ्या होतात.

लुराहाच्या त्या मुलीच्या, लुकिताच्या, लग्नाआधी तीन आठवडे ग्रामकचेरीतली निंग्रुम तिच्या अंगणात आली. गावच्या लिखापढीचं सगळं काम ती बघायची. काखेत कागदांची चळत होती.

"म्बाह, गावाची माहिती पुस्तिका करतोय. जिल्ह्याला पाठवायची आहे. तुमच्या वडिलांचं नाव नीट लिहिलंय का तेवढं बघून द्या."

"मला चष्मा नाही. वाच."

निंग्रुमने वाचलं. सीमा, लोकसंख्या, गुरं, कसावा आणि भुईमुगाचं पीक. मग पान चार, जलस्रोत. तिथे तिचा आवाज हळू झाला. "केपुहचं तळं. राखणदार सोदिक्रोमो यांनी वार्षिक विधीत कसूर केल्यामुळे आटले. सध्या टँकरने पुरवठा."

सामिनेम शेंगा फोडत होती. दोन शेंगा फोडून झाल्यावर तिने विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"लिहिलं मी. सांगितलं लुराहांनी."

"तुला काय वाटतं, तळं कशाने आटलं?"

"मी तेव्हा शाळेत होते, म्बाह."

"शाळेत होतीस म्हणूनच विचारते. चाळणीत पाणी का राहत नाही, हे शिकवलं असेल ना?"

निंग्रुमने खाली बघितलं. "मी बोलले होते. ते म्हणाले, तू टाइप कर."

"आणि छापल्यावर काय होतं त्याचं?"

"वेशीवरच्या फलकावर जातं. शाळेतल्या मुलांना स्थानिक इतिहास म्हणून शिकवतात."

"पाठ करायला लावतात?"

"हो."

सामिनेमने टरफलं सुपात झटकली. "नाव बरोबर लिहिलंयस," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात लुराहीणबाई तबक घेऊन आली. चहा, साखर, केळ्यांचा फणा, वर भरतकामाचं फडकं. भात शिजवणारणीने केळं सोलून खाल्लं की होकार, तबक परत दिलं की नकार. सामिनेमने तबक घेतलं आणि फळीवर ठेवलं.

"एखादं खा की, म्बाह. आमच्या परसातली आहेत."

"दात दुखतो."

दुसऱ्या आठवड्यात आणखी एक तबक आलं, लग्नाला चार दिवस उरले तेव्हा तिसरं. फळीवर तीन फणे ओळीने काळे पडत गेले. तुकिया शेजारीण, तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती फळीकडे बघून म्हणाली, "दात आहे की कुलूप? आत काही जातच नाही."

"तू माझ्या बापाच्या सातव्याला नव्हतीस, तुकिया."

तुकियाचं हसू गेलं. "सगळेच नव्हते."

"सहाजण होते."

"एवढ्या वर्षांत तू माझ्याकडे येऊन भात शिजवलास. दोन्ही पोरांच्या लग्नात. तेव्हा नाही बोललीस."

"तेव्हा तांदूळ अजून भिजत होता," सामिनेम म्हणाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ती लुराहाच्या घरी गेली. न जाणं सोपं होतं. न जाणारीला आजारी म्हणता आलं असतं, म्हातारी म्हणता आलं असतं. परसात मांडव घातला होता, चार चुली मांडल्या होत्या, मोठ्या घमेल्यांत तांदूळ भिजून फुगला होता. तिने एक दाणा नखाखाली चिरडला. बरोबर भिजला होता. तीसेक बायका विळ्या, खवण्या घेऊन चटयांवर बसल्या होत्या. ती पहिल्या चुलीसमोरच्या ठेंगण्या पाटावर बसली आणि हात मांडीवर ठेवले.

ऊन मांडवाच्या कडेवरून आत सरकलं. नारळ फोडून झाले होते, पण खवायला कुणी घेईना.

"सामिनेम, काडी ओली आहे का?" तुकियाने विचारलं. दोघीतिघी हसल्या, मग थांबल्या.

लुराहीणबाई तिच्यापाशी येऊन बसली. तिच्या कपाळावर घाम होता. "म्बाह, बाराला मुलाकडचे येतील. काही कमी आहे का? लाकूड बदलू?"

"लाकूड चांगलं आहे."

"मग?"

"पान चार."

लुराहीणबाईला कळलं नाही. बायकांमध्ये बसून मिरच्या खुडणाऱ्या निंग्रुमला कळलं. ती उठली, हात धुतले आणि घरात गेली.

थोड्या वेळाने लुराह आला. नवा बाटिक सदरा, हातात कागद. बायकांच्या चुलीकडे पुरुष सहसा येत नाही. त्या पदर, ओढण्या सावरत मागे सरकल्या. तो हसतच आला.

"म्बाह, एवढंच होतं तर निरोप धाडायचा. हे बघा." त्याने खिशातलं पेन काढलं, कागद गुडघ्यावर धरला आणि एका ओळीवर दोनदा रेघ मारली. "खोडलं. झालं समाधान? पेटवा आता."

"खोडलंत," सामिनेम म्हणाली. "सभेत मात्र बोलला होतात. ते कशाने खोडणार?"

"जुनी गोष्ट आहे."

"तुमच्या पुस्तिकेत नवीन होती."

"शहरातून मागवीन मी भात. गाडी भरून येईल." त्याने हे मोठ्याने म्हटलं आणि आजूबाजूला बघितलं. कुणीच मान हलवली नाही. शेजारणींनी हात न लावलेला भात लग्नात वाढायचा म्हणजे गावाने त्या घराकडे पाठ फिरवली, हे जिल्ह्यातून येणाऱ्या पाहुण्यांनाही समजलं असतं.

घराच्या मागच्या दारात लुकिता उभी होती. हळदीचा लेप तिच्या मानेवर अर्धवट सुकला होता. लहानपणी ती प्रत्येक लग्नात सामिनेमच्या पाटाशेजारी येऊन बसायची आणि टोपलीच्या टोकाला चिकटलेला भात मागून खायची. सामिनेमने तिला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. घाव कुणावर पडणार हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरीही तिने वाट बघितली होती.

"बापू," लुकिता म्हणाली, "खरं आहे ते बोला ना. सगळ्यांना माहीत आहे."

लुराहाने तिच्याकडे बघितलं. मग कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली.

"म्हाताऱ्याने मला अडवलं होतं," तो म्हणाला. आवाज बसका होता, पण शेवटच्या चटईपर्यंत गेला. "बूड खरवडू नको म्हणाला होता. मी ऐकलं नाही. तळं मी फोडलं. नैवेद्याचं मी बोललो, कारण काहीतरी बोलावं लागणार होतं."

कुणीतरी हातातली विळी खाली ठेवली. तुकिया आपल्या गुडघ्यांकडे बघत होती. लुराहीणबाईने डोळे पुसले आणि काडेपेटी उचलून सामिनेमच्या हातात दिली, दोन्ही हातांनी, थोरांना द्यावी तशी.

सामिनेमने ती घेतली. तेरा वर्षं तिला वाटत होतं की हे वाक्य एकदा ऐकलं की पोटातला दगड विरघळेल. रात्री झोप लागण्याआधी तिने ते लुराहाच्या तोंडी कितीदा घातलं होतं. शब्द जवळपास तेच होते. आता ते सगळ्यांसमोर ऐकून झालं होतं. तिने आत चाचपून बघितलं. दगड होता तिथेच होता. तिला ती बेचाळीस पुडकी आठवली, त्यांची गाठ मारायला लागलेला वेळ आठवला, आणि संध्याकाळपर्यंत वाटेकडे बघत दारात बसलेली तिची आई.

लुराह वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी येऊ लागलं होतं. चांगलं काम करून मोकळा झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतं तसं. ते तिने नीट बघितलं.

तिने काडेपेटी चुलीच्या काठावर ठेवली. पाटावरून उठली. लुकिताकडे बघून ती म्हणाली, "पोरी, तुझ्यावर माझा राग नाही. पण हे तुलाच भोगावं लागणार, ते मला ठाऊक आहे."

मग ती लुराहाकडे वळली.

"ऐकलं मी. खरं बोललात. आता माझंही ऐका, सगळ्यांनी ऐका. या घराचा भात मी शिजवणार नाही. आज नाही, उद्या नाही, आणि तुम्ही गेल्यावर सातव्या दिवशीही नाही."