जहाजाची वेळ

डेल्सिया अकरा वर्षांनी आली ती एका दिवसासाठी, तीही पर्यटकांच्या मोठ्या जहाजातून, ऑफिसातल्या सात मैत्रिणींबरोबर सुट्टीला. शिकागोहून फोनवर म्हणाली, "पप्पा, तुझ्याच गुहांची सहल घेतलीय. तीनला धक्क्यावर परत पोचलं म्हणजे झालं."

गुहांतून वाहणाऱ्या नदीत पाहुण्यांना हवा भरलेल्या ट्यूबवर बसवून नेणं, हे माझं काम. मी लगेच हिशेब केला. गुहांपासून धक्का तासाभरावर, आणि माझं घर त्याच रस्त्यावर. साडेबाराला नदीतून वर आलो, तर एक तास घरी जेवायला मिळत होता. मी आदल्या दिवशीच कोंबडीचा लाल रस्सा केला, नारळाच्या दुधात राजमा-भात शिजवला, केळी तळायला काढून ठेवली. नऊ माणसांचं. माझी बायको थेल्मा जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून त्या टेबलावर मी एकटाच बसतो. खरं सांगायचं तर बसतही नाही, उभ्यानेच खातो.

थेल्माच्या मातीला डेल्सिया आली नव्हती. तेव्हा तिच्याकडे अमेरिकेत राहायचे कागद नव्हते. तिथून निघाली असती तर परत घेतलं नसतं. मला ते कळत होतं, तरी राग होताच.

सकाळी ती बसमधून उतरली. जाड झालीय. मला मिठी मारली आणि म्हणाली, "केवढा वाळलास रे!"

"आणि तू केवढी फुगलीस! ट्यूब मोठी काढायला लागणार," मी म्हटलं. मैत्रिणींना आमची भाषा कळेना, तरी त्या हसल्या.

पाहुण्यांनी घड्याळं, फोन सगळं बसमध्येच ठेवायचं, हा आमचा नियम; घड्याळ फक्त माझ्या मनगटावर. हेल्मेट, कपाळावर दिवा, बगलेत ट्यूब. अर्धा तास जंगलातून चालत वर गेलो आणि पाण्यात उतरलो. साखळी करायची म्हणजे मागच्याने आपले पाय पुढच्याच्या काखेत अडकवायचे. सगळ्यांत पुढे मी. माझ्या मागे कोण, हे मी कुणाला विचारलं नाही. डेल्सियाला बसवलं.

पहिल्या गुहेच्या मध्यावर मी नेहमीप्रमाणे दिवे विझवायला सांगितले. तिथे डोळे उघडे काय नि मिटलेले काय. बायका किंचाळल्या, मग गप्प झाल्या. पाणी ट्यूबखालून सरकत होतं.

"पप्पा," ती आमच्या भाषेत हळूच म्हणाली, "आईला फार त्रास झाला का?"

"नाही. झोपेतच गेली."

खोटं होतं. तेरा दिवस लागले तिला.

"माझं नाव काढलं?"

"रोज," मी म्हटलं. हे मात्र खरं होतं.

तिचे पाय माझ्या काखेत थरथरत होते, म्हणून मी ते घट्ट दाबून धरले आणि दिवे लावायला सांगायचं विसरलो. शेवटी मागून कुणीतरी ओरडलं तेव्हा लावले.

गुहा संपली की डावीकडे काठ लागतो. घाई असेल तर तिथूनच वर चढायचं. नसेल तर दुसरी गुहा, आणखी पाऊण तास.

"वेळ आहे?" डेल्सियाने विचारलं.

मी घड्याळात पाहिलं. बारासुद्धा वाजले नव्हते. "भरपूर," मी म्हटलं. मला तिचे पाय सोडवेनात, हेही होतंच.

दुसऱ्या गुहेत ती लहानपणीच्या गोष्टी सांगत राहिली. मी वल्ह्यासारखा हात मारत होतो आणि मुद्दाम हळू मारत होतो.

वर आलो तर ऑर्लिन, आमचा बसवाला, हॉर्नवर हातच ठेवून बसलेला. "ग्लेन, डोकं फिरलं का तुझं? बारा पन्नास झाले! दोनला धक्का गाठायचाय!"

"तीनला," मी म्हटलं.

"जहाजाचे तीन! आपले दोन!"

जहाज मायामीच्या वेळेने चालतं, आमच्यापेक्षा तासभर पुढे. पाहुणा तीन म्हणाला की आम्ही दोन समजतो. वीस वर्षांत एकदाही चुकलो नाही, नव्या वाटाड्या पोरांना मीच हे शिकवलं. डेल्सियालाही मीच शिकवलं होतं.

"पप्पा, तुला कसं नाही कळलं?"

"पाहुण्यांचं कळतं गं," मी म्हटलं. "तुझे तीन म्हणजे मला घरचे तीन वाटले."

तिचा चेहरा पडला. बसमध्ये माझ्याशेजारी बसली, ओल्या कपड्यांनीच. माझ्या दारात ऑर्लिनने गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. मी धावत आत गेलो, डबा भरून आणला.

"जहाजावर शिजवलेलं घेऊ देत नाहीत," ती रडवेली होऊन म्हणाली. मग दारातल्या पायरीवर उभी राहून तिने हातानेच दोन घास खाल्ले. तिसरा घेतला तोच हॉर्न वाजला.

"रस्सा आईसारखाच झालाय," ती म्हणाली आणि चढली.

बस वळणापाशी दिसेनाशी झाली. माझी ख्याती आहे, माझ्या सहलीतल्या कुणाचंही जहाज आजवर चुकलेलं नाही. पोरीचंही चुकलं नाही.