मला ‘म्हशू’ म्हटलं त्याची गोष्ट

मी गजरा बोलतेय. कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरची म्हैस. आधीच सांगते, माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण माणसं आहेत.

माझा जन्म कळंब्याच्या एका गोठ्यातला. दिवाळी पाडव्याच्या मिरवणुकीत माझ्या आईची काय ऐट असायची! रंगवलेली शिंगं, गळ्यात कवड्यांच्या माळा, आणि मालकाच्या मोटरसायकलमागे अशी पळायची की लोक भराभरा बाजूला व्हायचे. मी पिराजी गवळ्याकडे आले. तो रोज संध्याकाळी मला कट्ट्यावर आणतो, गिऱ्हाइकासमोर धार काढतो आणि फेसाळ पेला त्याच्या हातात देतो. सगळं बरं चाललं होतं. मग या रोजच्या गिऱ्हाइकांनी मोबाइलवर कट्ट्याचा ग्रुप काढला.

ग्रुपचा प्रमुख गुरुप्रसाद वकील. कोर्टात फारसं बोलायला मिळत नसावं, म्हणून सगळं इथे बोलतो. मेसेज आला की माझ्या कानाशी उभा राहून मोठ्याने वाचतो. त्यामुळे हौस नसली तरी मला सगळं ठाऊक असतं.

त्यात मैथिली आली. नाशिकहून इथल्या कॉलेजात शिकवायला आलेली, गावात ना ओळख ना पाळख. पेला रिकामा झाला तरी ती कट्ट्यावर रेंगाळायची. एकदा तिने माझा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आमची गोड म्हशू.’

झालं! म्हशीला मांजरासारखं लाडाने म्हशू म्हटलं म्हणून जणू आभाळ कोसळलं. वकिलाने निषेधाचा ठराव लिहिला. कुणी कोल्हापूर बंदची हाक दिली, कुणी म्हणालं, मॅडमना जिल्ह्याबाहेर, शिरोळच्या पुढे सोडून या. मला कुणी विचारलं नाही. माझ्या अपमानासाठी गळे काढणारे हेच लोक मला रोज ‘ए, सर की तिकडं’ म्हणतात, तेव्हा कुणाच्या भावना दुखावत नाहीत.

हे सगळं हसत हसत चाललेलं. आमच्याकडे माणूस आपला वाटला की त्याची अशीच हजेरी घेतात. पण हे मैथिलीला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने घाबरून माफी मागितली. त्यावर वकिलाने ‘माफी नामंजूर’ असं ठोकून दिलं. ती ग्रुपमधून बाहेर पडली आणि कट्ट्यावर यायचीही बंद झाली.

पिराजीची मुलगी क्रांती मैथिलीच्या खोलीवर जाऊन आली, ती तणतणतच.

“बॅग भरून बसलीया ती. पाडवा झाला की नोकरी सोडून जाणार म्हणती. तुमी केलीसा थट्टा, तिला खरं वाटलं की.”

वकिलाने मोबाइल काढला आणि तसाच खिशात ठेवला. एरवी एवढी तोंडाळ माणसं, पण तिच्या दारात जायला एकाचंही पाऊल उचलेना. मला इतका संताप आला की त्या संध्याकाळी मी पान्हाच सोडला नाही.

पाडव्याला पिराजी मला सजवायला बसला. आमच्या अंगावरचे केस कातरून त्यात नावं काढायची पद्धत आहे. आईच्या पाठीवर तालमीचं नाव असायचं, म्हणून मीही मान ताठ करून उभी राहिले. कात्री थांबली, क्रांतीने वाचलं आणि हसू दाबायला ओढणी तोंडाला लावली. माझ्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ‘म्हशू’ होतं. कुठे तोंड लपवू असं झालं मला.

मिरवणूक सोडून पिराजीने मोटरसायकल मैथिलीच्या बोळात घातली. त्याच्यामागे मी, माझ्यामागे अख्खा कट्टा. वकिलाने खालून हाक मारली. मैथिली गॅलरीत आली, तिने माझी पाठ वाचली. आधी हसली, मग रडायलाच लागली, आणि चपला न घालता तशीच खाली आली.

“म्हणजे तुम्ही रागावला नव्हता?” तिने विचारलं.

“रागावलो असतो तर बोललोच नसतो की,” पिराजी म्हणाला.

तिने माझ्या गळ्यात हात टाकला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

बॅग रिकामी झाली. मैथिली आता रोज येते आणि वकिलाला उलटून बोलते. माझे केस मात्र अजून वाढायचेत, आणि तोवर सगळं गाव मला म्हशू म्हणतंय. माझी एवढीच विनंती आहे. पावण्यांची थट्टा खुशाल करा, पण ती थट्टा आहे हे त्यांना तोंडाने सांगा. तुमच्या सगळ्या माफ्या लिहायला माझी पाठ पुरायची नाही.