खाली कुणी धरलंय का?

मी शिडी बोलतेय. दचकू नका. दचकायची पाळी माझ्यावर आली होती, आणि मी अजून सावरलेली नाही.

मी साधी लाकडी शिडी, बारा पायऱ्यांची. वीस वर्षांपूर्वी एका सुताराने मला चाचांसाठी बनवलं. चाचा म्हणजे आमच्या इमारतीचे वायरमन. मला रोज खांद्यावर कुठे वाहायचं, म्हणून त्यांनी मला इथल्या जिन्याखालीच ठेवलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं, "लागली की घ्या, विचारत बसू नका." लोकांनी ते फारच मनावर घेतलं! माळ्यावरची पेटी काढायची, पडदे लावायचे, अडकलेलं मांजर उतरवायचं, की चालले मला घेऊन. एकदा माझी चौथी पायरी मोडली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी आपल्या जुन्या बाकाची हिरवी फळी काढून दिली. ती अजून लांबूनही ओळखू येते.

चाचांचा एक नियम होता. ज्याचं काम, त्याने खाली माझे पाय धरायचे. मास्तर धरायला आले की शाळेतल्या गमती सुरू. चाचा वरून ओरडायचे, "मास्तर, हसवू नका, शॉक बसेल!" पण खाली कधी पाहायचे नाहीत. धरलेलं असणारच, ही खात्री.

चाचा मुसलमान आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावरून कधी कुणी काही बोललं नव्हतं. मला वाटलं, इथे हा विषयच नाही. शेवटी डोकं लाकडाचंच.

मग तो शुक्रवार उजाडला. तक्रारवहीत मास्तरांनीच लिहिलं होतं, 'टाकी भरून वाहते, ताबडतोब पाहावे.' चाचा दुपारची नमाज आटोपून तसेच आले, पांढरा झब्बा आणि डोक्यावर टोपी. एरवी इमारतीने त्यांना निळ्या शर्टातच पाहिलेलं. मास्तरांचं दार वाजवलं, ते झोपले होते. "झोपू दे बिचाऱ्यांना," म्हणत चाचांनी मला गच्चीवर नेऊन टाकीला टेकवलं आणि एकटेच वर चढून पंप आपोआप बंद करणाऱ्या स्विचची वायर जोडू लागले.

थोड्या वेळाने मास्तर वाळलेले कपडे काढायला वर आले. दारातूनच त्यांना पाठ दिसली, टोपी दिसली, वायर दिसली. फोटो काढला आणि आल्या पावली मागे फिरले. इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं, 'गच्चीवर अनोळखी टोपीवाला. टाकीला वायरी लावतोय.' अहो, अनोळखी? वीस वर्षं येणारा माणूस? आणि माणूस नाही तर नाही, निदान मला तरी ओळखायचं! तुमच्याच बाकाची पायरी हो ती!

कुणीतरी लगेच फोन केला आणि पोलीस आले. चाचा सांगत होते, "साहेब, मी इथलाच वायरमन." दारं उघडली, माणसं बाहेर आली. चेहरा पाहून सगळ्यांनी ओळखलं. मी वाट पाहत होते की आता कुणीतरी बोलेल. कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. तो धक्का माझ्या लाकडातून अजून गेलेला नाही. चाचांना नेलं, मलाही नेलं, गळ्यात 'जप्त' अशी चिठ्ठी बांधून. संध्याकाळी पोलिसांनी तक्रारवही मागवून त्यातलं मास्तरांचं अक्षर पाहिलं, तेव्हा आम्ही सुटलो.

मी परत जिन्याखाली आले. चाचा मात्र येईनात. जिन्यातला दिवा गेला, तो महिनोनमहिने तसाच बंद. तळमजल्यावरच्या नर्समावशी त्या दुपारी कामावर होत्या. सगळं कळल्यावर त्या चाचांच्या घरी गेल्या. परतल्यावर सगळ्यांना गोळा करून म्हणाल्या, "ते रागावलेले नाहीत. घाबरलेत. रविवारी मी त्यांना आणि चाचींना बोलावलंय. माफीची भाषणं नकोत. त्या दिवशी ग्रुपवर ज्याने जे लिहिलं, ते त्याने त्यांच्यासमोर वाचायचं."

रविवारी जिन्यासमोर खुर्च्या मांडल्या. चारजण आलेच नाहीत. बाकीच्यांनी वाचलं. 'हे लोक असेच.' 'आधीच संशय होता.' मोबाइलवर भराभर लिहिलेलं वाचताना माणसं किती अडखळतात! मास्तरांनी सगळ्यात शेवटी वाचलं, 'अनोळखी टोपीवाला.'

चाचींनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "मास्तर, नुसती हाक मारायची होती. ते वळले असते."

मास्तर खूप रडले. त्यानंतर माणसं बोलती झाली, विचारती झाली. आता महिन्यातून एकदा बसतात, एकदा इथे, एकदा चाचांच्या वस्तीत. त्या चौघांपैकी एक परवा येऊन गेला, पण दारातच उभा राहिला.

काल चाचा जिन्यातला दिवा लावायला आले. मास्तर आधीच खाली येऊन माझे पाय धरून उभे. चाचांनी माझ्या हिरव्या पायरीवर पाय ठेवला, थांबले, आणि खाली पाहिलं.

वीस वर्षांत पहिल्यांदा. मग हळूहळू चढले आणि दिवा लावला.

आता मी म्हातारी झाले, कधीतरी मोडेन. तोवर एवढंच मागते. मला धरा, घट्ट धरा. वर चढलेल्या माणसाला खाली पाहावं लागू नये, इतकं.