तीन वेळा तेरा

“तिथी नको सांगू. तारीख सांग, कॅलेंडरवरची.”

बाकावर शेजारी बसलेली, लोहारदा गावाहून आलेली बाई गोंधळली. “तारीख तो याद नी, बेनजी. संक्रांत के दो दिन पेले.”

“म्हणजे बारा जानेवारी.” यमुनाबाई मोहित्यांनी लाल पेन्सिलीने तिच्या कार्डावर तारीख लिहिली, खाली आठवडे मोजून मांडले. “अंदर दे देना. बोलना, बाहरवाली बेनजी ने लिखा है.”

देवासच्या त्या नर्सिंग होमच्या फाटकासमोर सिमेंटचं बाक होतं. शनिवारी अर्धी शाळा शिकवून झाली की यमुनाबाई तिथे येऊन बसत. साडेपाच वर्षं झाली होती. डॉक्टरांनी एकदा उठवून पाहिलं होतं. “बाक नगरपालिकेचं आहे,” त्या म्हणाल्या होत्या, “आणि पेन्सिल माझी.”

अठ्ठ्याण्णव साली त्या अडतीस वर्षांच्या होत्या आणि लग्नानंतर पंधरा वर्षांनी दिवस गेले होते. पस्तिशी उलटलेली म्हणून डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी सांगितली. बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता किती, याचा तिच्यावरून अंदाज येतो. रक्त पंधरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान काढायचं असतं, कारण त्यातले आकडे दर आठवड्याला बदलतात. आठवडा चुकला की उत्तर चुकतं.

धारला, यमुनाबाईंच्या माहेरी, बायका शेवटच्या पाळीचा दिवस, ज्यावरून आठवडे मोजतात, तो तिथीने लक्षात ठेवत. त्यांनीही चिठ्ठीवर तसंच लिहून दिलं, श्रावण वद्य पंचमी. कंपाउंडर शालिग्रामने भिंतीवरचं हिंदी पंचांग काढलं, तारीख शोधली आणि कार्डावर लिहिलं, सतरा आठवडे.

रिपोर्ट बारा दिवसांनी आला. धोका जास्त होता. सोनोग्राफीत बाळ वयाच्या मानाने लहान दिसलं, तेही दोषाच्याच बाजूला धरलं गेलं. गर्भाभोवतीचं पाणी तपासून खात्री करता आली असती, पण त्याला तीन आठवडे लागत आणि गर्भपाताला कायद्याची मुदत वीस आठवड्यांची. “वेळ उरला नाही,” डॉक्टर म्हणाले. यमुनाबाईंचे यजमान बळवंतराव कारखान्यातून दोन दिवसांची रजा घेऊन आले. नोव्हेंबर संपण्याआधी सगळं उरकलं.

पुढच्या वर्षी गोकुळाष्टमीची सुट्टी झाल्यावर यमुनाबाईंनी दुसरीच्या वर्गात विचारलं, जन्माष्टमी कोणत्या महिन्यात येते? वेदिका नावाच्या मुलीने वहीत ‘भादों’ लिहिलं. त्यांनी फुली मारून ‘सावन’ लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी घरचं पंचांगच घेऊन आली, आणि त्यात भादोंच होतं. सण एक, दिवसही एक. पण हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्यात अमावास्येला. आपला श्रावणातला वद्य पक्ष त्यांच्याकडे भाद्रपदात जातो, आणि त्यांच्या श्रावणातला वद्य पक्ष आपल्याहून एक महिना आधी येऊन गेलेला असतो.

वर्गात मुलं पाढे म्हणत होती. यमुनाबाईंनी बोटांवर मोजलं. रक्त काढलं त्या दिवशी सतरा नव्हे, तेरा आठवडे झाले होते. बाळ लहान नव्हतं, जेवढं असायला हवं तेवढंच होतं. वेळही होता. पुन्हा रक्त काढण्याइतका, पाणी तपासण्याइतका. मूल निरोगी होतं की नाही, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, “चिठ्ठी तुमच्याच अक्षरातली आहे.” शालिग्राम म्हणाला, “तुम्ही लिहिलं तेच पाहिलं, ताई. यात माझी काय गलती?” तो बागलीचा, मराठी घरातला. त्याच्या आईचा श्रावणही अमावास्येलाच संपत होता. कोणतं पंचांग, एवढं त्याने विचारायला हवं होतं. विचारलं नाही, एवढं त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणावं, यापलीकडे यमुनाबाईंना काही नको होतं. त्याच आठवड्यातल्या शनिवारपासून त्या बाकावर बसू लागल्या. प्रत्येक कार्ड आत गेलं की आधी त्याच्याच टेबलावर पडे. म्हणून पेन्सिल लाल.

आज फाटकातून तोच बाहेर आला. मागे त्याची बायको मोना होती.

“ताई, जरा काम होतं.”

“तुमचं काम आत असतं.”

“घरचं आहे.” तो बाकाशी वाकला. “हिला छत्तिसावं चालू आहे. बारा वर्षांनी राहिलंय. कार्तिक वद्य तृतीया म्हणते. आतल्या पंचांगाने सोळा आठवडे होतात, आजच ब्लड घ्यावं लागेल. आपल्या पंचांगाने नाही. हिशेब येतो मला आता, पण घरचं म्हटलं की हात धजत नाही.”

“करून देते,” यमुनाबाई म्हणाल्या. “आधी दुसरं एक गणित करा. हा कागद घ्या. बारा ऑगस्ट अठ्ठ्याण्णव. अकरा नोव्हेंबरला किती आठवडे?”

शालिग्रामने वर पाहिलं. “ताई, सबके सामने कशाला?”

“वर्गात सगळ्यांसमोरच विचारतात.”

बाकावरच्या बाकीच्या बायका वळून पाहू लागल्या. त्याने महिन्यांचे दिवस मांडले, सातने भागले. “तेरा.”

“पुन्हा. लिहून, मोठ्याने.”

“तेरा.”

“अजून एकदा. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”

पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुठल्याही मुलाला या आवाजात काही विचारलं नव्हतं. आज तो आवाज त्यांना आवडला.

“तेरा,” तो म्हणाला.

“आणि कार्डावर काय लिहिलं होतं?”

“सतरा.”

मोना दोघांकडे पाहत होती. “कोणाचा हिशेब आहे हा?”

यमुनाबाईंनी शालिग्रामवरची नजर काढली नाही.

“ताईंचा,” तो शेवटी म्हणाला. “कोणतं पंचांग, ते मी विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं.”

“मग बाळ?”

त्याने नकारार्थी मान हलवली. मोना बाकाच्या कडेला बसली.

यमुनाबाईंनी तिचं कार्ड मांडीवर घेतलं आणि पहिलीच्या मुलाला गिरवायला देतात तशा ठळक आकड्यांत लिहिलं. “आज बारावा आठवडा चालू आहे. आज रक्त द्यायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. चौदा मार्च, सोमवार. पंधरा पूर्ण होतील. त्याच्या आधी नाही आणि नंतर रेंगाळायचंही नाही. शंका निघाली तर खात्री करायला वेळ हाताशी राहील.”

“ताई,” शालिग्राम म्हणाला, “आता तरी माफ करा.”

“उत्तर बरोबर आहे.” त्यांनी तिन्ही तेरांपुढे बरोबरची खूण केली. कागदासाठी त्याचा हात पुढे आला होता. त्यांनी तो मोनाला दिला. “घरी ठेव.”

मोनाने कागदाची चौपदरी घडी केली आणि कार्डाबरोबर पर्समध्ये घातली. शालिग्रामने पर्स घ्यायला हात केला. तिने ती दुसऱ्या खांद्यावर टाकली आणि फाटकाकडे न वळता एकटीच रस्त्याने चालू लागली.