सायीनं सोडवलेला सासरा

आमच्या घरात जावई करून घ्यायचा तर आधी त्याला फूगूतून सरपटत न्यायचं, ही रीत. फूगू म्हणजे टेकडीवरच्या किल्ल्याखालचं जुनं दगडी भुयार. कुणी कशाला बांधलं, देव जाणे. शेवटचं भोक इतकं अरुंद की ढोपरं सोलल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही. माझ्या बापानं माझ्या नवऱ्याला, पास्कोला, असाच नेला होता. तेव्हा पास्को काडीपैलवान होता.

परवा आमच्या लेकीनं, केरेन्सानं, तिचा हम्फ्री आणला. पोरगा शेजारच्या, आमच्याशी हाडवैर असलेल्या डेव्हन परगण्याचा, तरी पास्को गोड बोलत होता. किल्ल्यावर पडक्या तटाला टेकून आम्ही डबे उघडले आणि या शहाण्यानं स्कोनवर, म्हणजे चहाबरोबरच्या गोडसर पावावर, आधी साय फासली, वर जॅम! आमच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, मग साय. उलटं करणाऱ्याला आम्ही चहासुद्धा विचारत नाही.

"बंद कर तो डबा!" पास्को ओरडला. "हे लग्न होणार नाही!"

केरेन्साच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझं तर डोकंच फिरलं. "अरे, सायीवरून पोरीचं लग्न मोडतोस? लाज वाटते का?"

"काका, निदान भुयारातून तरी जाऊ द्या," हम्फ्री म्हणाला.

"तुला जमायचं नाही. बघ, असं जायचं!"

तरातरा खाली उतरून महाशय भोकात शिरले आणि पोटाशी अडकले. ना पुढे, ना मागे. मी तंगड्या ओढल्या.

"पाय उपटशील, बये!"

हम्फ्री मुकाट्यानं वर जाऊन सायीचं भांडं घेऊन आला आणि पास्कोच्या पोटाभोवती चोपडायला लागला.

"काय लावतोयस रे?"

"साय, काका."

"आधी जॅम लाव, नालायका!"

"जॅमनं चिकटाल, काका."

मग आतून बारीक आवाज आला, "बरं. लाव."

आम्ही तिघांनी जोर लावला, तसा पास्को सुळकन बाहेर आला. धापा टाकत बसला. बोटावरची साय चाटली. मग हम्फ्रीकडे डोळे वटारून म्हणाला, "आधी साय लावून घेतली, हे गावात कुणापुढे बोललास, तर लग्नाच्या दिवशी चर्चमधून हाकलून देईन!"

"लग्नाच्या दिवशी?" केरेन्सा किंचाळली आणि सायीनं माखलेल्या बापाच्या गळ्यात पडली.

हम्फ्रीनं तिथल्या तिथे शपथ घेतली. मी कुठे घेतली होती?