न सुटणारा रंग

कामिनीने काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, तेव्हा विभागप्रमुख डॉ. हितेंद्र चौधरी तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"ही मी बघतो."

"नको सर. रंग मीच दिलाय."

पट्टीवर तिच्या वडिलांच्या पोटातून काढलेला चरबीचा कण होता. पितांबर भावसार, तिचे आबा, धुळ्याचे. सुताच्या लड्या रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. वर्षभरापासून त्यांना दोन पावलांत दम लागे, घोटे सुजत. औषधं बदलूनही उतार पडेना, तेव्हा कामिनीने त्यांना जळगावला, ती काम करायची त्या रुग्णालयात आणलं. एखादं प्रथिन घडी चुकून धाग्यांसारखं रचत जातं आणि हृदयाचा स्नायू ताठर करतं, तसं काही असावं, अशी हृदयरोगाच्या डॉक्टरांना शंका होती. असे धागे पोटाच्या चरबीतही सापडतात.

साध्या प्रकाशात कण फिकट लाल दिसला. त्यावरून काही ठरत नव्हतं. तिने प्रकाशाच्या वाटेतली काच हळूहळू फिरवली. सगळं काळं झालं, आणि त्या काळोखात चरबीच्या पेशींच्या कडांनी हिरवं काहीतरी उजळून आलं. कच्च्या केळ्याच्या सालीसारखं हिरवं.

रंगाचे लांबट, चपटे रेणू त्या धाग्यांच्या खाचांमध्ये एकाच दिशेने निजतात, म्हणून प्रकाश असा वळतो; हे ती दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवायची. इतका स्वच्छ नमुना तिला आजवर मिळाला नव्हता.

ती उठली. सरांनी वाकून पाहिलं. बराच वेळ ते वर झाले नाहीत.

"मी सांगू त्यांना?" त्यांनी विचारलं.

"मी जाते."

वॉर्डात आबा उशांना टेकून बसले होते. दुपारचं ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. तिला पाहून त्यांनी पाय आवरून घेतले, तिला बसायला जागा केली.

"काय निंघनं?"

कामिनीने चादरीची सुरकुती सरळ केली. "आबा, तो तुकडा आम्ही रंगवून बघतो. काँगो रेड नावाच्या रंगाने."

"लाल?" आबांचा चेहरा किंचित खुलला. "तो ते कच्चा रंग शे. आम्ही बी वापरेत पहिले. धुवा का उतरी जास."

"हो. आम्हीपण धुतो. बाकी सगळीकडून तो सुटतो."

"मंग?"

"एका जागी सुटत नाही. तिथं त्याला नेमकी त्याच्याएवढी जागा मिळते. तो आत जाऊन बसतो."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. बाजूच्या खाटेपाशी बसलेल्या बाईने मोसंबी सोलायला घेतली होती. सालीचा वास सगळीकडे पसरला.

"मना नहीं सुटना," स्वतःच्या छातीवर हात ठेवत ते म्हणाले.

कामिनीने मान हलवली. बोलायचं ठरवून आलेलं, औषधांचं, मुंबईच्या डॉक्टरांचं, सगळं तसंच राहिलं. आबांनीच तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांची बोटं कित्येक वर्षं बधिर होती. रंगाच्या पाण्यात राहून झाली असतील, असंच घरात सगळे धरून चालले होते. ती बधिरताही याच आजाराची, हे तिला आज कळत होतं.

"मना बापले बी असंच व्हयनं," ते जरा वेळाने म्हणाले. "पाय सुजेत. दम लागे. रंगनी वाफ बाधनी, असं म्हनेत लोके."

कामिनीने त्यांच्या सुजलेल्या घोट्यांवर चादर ओढली.

"हाई बापनाकडथून येस का?"

"कधी कधी. सगळ्यांचं तसं नसतं. त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते, आबा."

पाठीवर फिरणारा हात थांबला. आबांनी तो काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"तुना हात बधिर व्हतस का वं माय?"

"नाही हो," कामिनी पटकन म्हणाली. "मला काय होतंय?"

त्यांनी डोळे मिटले, सुटकेचा श्वास सोडला. ती हसली, उजवा हात अ‍ॅप्रनच्या खिशात घातला आणि मुंग्या जाईपर्यंत आतल्या आत मुठीची उघडझाप करत बसली.