दमणची सहल

"जरा सांभाळून, खाली वाकू नका. या खंदकात पोर्तुगिजांनी मगरी सोडल्या होत्या," वसंतराव पांढरीपांडे म्हणाले आणि नेहमीच्या जागी थांबले. नेहमीप्रमाणे बायका मागं सरल्या आणि पुरुष हसले. खंदकात गुडघाभर गवत वाढलं होतं आणि एक शेळी निवांत चरत होती.

मगरींची गोष्ट वसंतरावांनीच कधीतरी रचली होती. नागपूरला सदर भागात ताराचंदजींची एक यात्रा कंपनी होती. दर हिवाळ्यात तिच्यातर्फे गुजरातची सहल निघे आणि शेवटच्या मुक्कामाला वसंतराव लोकांना मोटी दमणचा किल्ला पायी फिरवून दाखवत. किल्ला म्हणजे तटाच्या आत वसलेलं आख्खं गावच. दोन दरवाजे, चर्च, जुनी घरं, आणि तटावर चढलं की समुद्र. सुरुवातीला वसंतराव नागपूरच्या महाल भागातल्या वाचनालयातून पुस्तकं आणून, तयारी करून येत. बुरूज कोणी बांधला, दरवाजावरच्या शिलालेखात काय आहे, सगळं सांगत. लोक जांभया देत. मग एका वर्षी त्यांच्या तोंडून मगरी निघाल्या आणि जांभया थांबल्या. पुढच्या वर्षी एका कोठडीत राजकन्या आली. आता सगळं पाठ झालं होतं. बोलताना त्यांचं मन गाडीच्या वेळा, कुणाचं पोट बिघडलंय, स्वयंपाकाच्या महाराजांनी भाजी आणली की नाही, असल्या गोष्टींत असे. तोंड आपलं आपण चालत राही.

ते एकोणऐंशी साल होतं. वसंतरावांची पंचावन्नी उलटली होती. दमणच्या धर्मशाळेत रात्रभर डास चावल्यामुळे त्यांचं डोकं जड झालं होतं.

सगळे तटावर चढले. ओहोटी होती. पाणी दूर गेलेलं आणि मध्ये नुसता काळपट चिखल.

"अहो पांढरीपांडे, हा समुद्र असा काय हो?" धरमपेठेच्या यमुताईंनी विचारलं. सहल निघाल्यापासून त्या प्रत्येक गोष्टीबद्दल असंच विचारत होत्या. "याच्यापेक्षा आमचा फुटाळा तलाव बरा."

"भरती आली की छान दिसतो, ताई."

"आपण असू का तेव्हा?"

"नाही. तेव्हा आपण गाडीत असू."

लोक हसले. वसंतरावांनी ती संधी साधून शेवटचं भाषण सुरू केलं. "तर मंडळी, चारशे वर्षं हा तट उभा होता. आणि एकसष्ट साली आपल्या पलटणी आल्या. पोर्तुगीज गव्हर्नर म्हणे लुंगीवरच पळाला. दोन दिवसांत दमण आपलं! लढाई कसली, सहलच होती म्हणा. आपण आज आलो ना, तशी."

इथं टाळ्या पडत. आजही पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागून एक बारीक आवाज आला.

"मंग आमचा पोट्टा कसा मेला, भाऊ?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. कोराडीकडचं म्हातारं जोडपं होतं ते. रुपराव आणि मनकर्णाबाई. त्यांचं वावर वीज केंद्रात गेलं होतं, धाकटा मुलगा तिथंच कामाला होता आणि त्यानंच दोघांना या सहलीत पाठवलं होतं. रुपराव धोतर-टोपीतले, मनकर्णाबाई नऊवारी लुगड्यातल्या. आठवडाभरात दोघं कुणाशी फारसं बोलले नव्हते. देवळात गेले, नमस्कार केला, परत बसमध्ये येऊन बसले. वसंतराव बोट दाखवत त्या बाजूला मनकर्णाबाई कधी बघत नसत. इथं आल्यापासून तर त्या नुसती जमीनच पाहत होत्या.

"कोण, माय?" वसंतरावांना एवढंच सुचलं.

"आमचा मोठा. शालिकराम. मराठा पलटनीत होता. इथंच गेला ना थो, दमनले. त्याची पेटी आली घरी. थो नाई आला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच त्यांना कळत नव्हतं. "तुमी म्हन्ता लढाई नाईच झाली. मंग थो कायनं मेला?"

यमुताईंनी पदर तोंडाला लावला. कुणीतरी खाकरलं. इतकी वर्षं ते सहलीचं वाक्य वसंतराव म्हणत आले होते आणि दरवेळी लोक हसले होते.

"माय, चुकलो मी," ते म्हणाले. "तसं म्हणायला नको होतं."

"तुमाले कसं मालूम राहीन? पन इथलं सारं जानता ना तुमी. कोन्त्या जागी पडला थो, तेवढी दाखवा मले. मी त्याच्याचसाठी आली."

आणि त्या पदर सावरून, हात जोडल्यासारखे पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

रुपरावांनी वसंतरावांच्या दंडाला धरून त्यांना बाजूला नेलं. म्हातारा हळू बोलायला गेला, पण आवाज फाटला.

"साहेब, दाखवून द्या कोन्ताबी गोटा. म्हना, हेच जागा होय. इतके वर्स झाले, एकच गोस्ट घेऊन बसली आहे. कुठी पडला, कुठी पडला. मले बी नाई मालूम, तुमाले बी नाई मालूम. थिले काय समजते? पाया पडतो तुमच्या, सांगून द्या."

वसंतरावांनी आजूबाजूला पाहिलं. समोर बुरूज होता. त्याच्या पायथ्याशी एक मोठा चौकोनी दगड होता, त्याच्या फटीत कसलीशी पिवळी फुलं आलेली. अगदी शोभलं असतं. मगरी आणि राजकन्या रचणाऱ्या माणसाला हे काय अवघड होतं? "इथं, माय. शेवटपर्यंत लढला," असं म्हणून मान खाली घातली की झालं. अर्ध्या तासात चर्च, मग जेवण, मग वापीला गाडी. सगळे रडले असते आणि सगळ्यांना बरं वाटलं असतं.

ते मनकर्णाबाईंपाशी आले. तोंडही उघडलं. मनकर्णाबाईंनी मान वर केली आणि पहिल्यांदाच, ते कुठं बोट दाखवतात ते पाहायला त्यांचे डोळे तयार झाले. ज्या दगडावर बोट ठेवलं असतं, तो दगड त्या बाईनं मरेपर्यंत उराशी धरला असता. वसंतरावांना ते बोट उचलवेना.

"मला माहीत नाही, माय," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही. या तटात लढाई झाली नाही असं ऐकलं आहे. नदीच्या पलीकडं विमानतळ आहे, तिकडं झाली म्हणतात. मी कधी गेलो नाही तिकडं."

"मंग जाऊ तिकडं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

रुपरावांनी कपाळाला हात लावला.

"अहो, पण चर्च?" यमुताई म्हणाल्या. "म्हणजे, मला वाईट वाटून राहिलं हो त्यांच्यासाठी. पण गाडी चुकली तर? बाकीच्यांनी काय करावं?"

त्यांचंही खोटं नव्हतं. वसंतरावांनी सगळ्यांना चर्चची वाट दाखवली. तिथून होडीनं नदी उतरून धर्मशाळेत जा, महाराज वाढतील, मी येतो, असं सांगितलं. सहल मध्येच सोडून ते कधी गेले नव्हते. दरवाजाबाहेर पडताना मागं कुणीतरी "हे काही बरोबर नाही" असं म्हणाल्याचं त्यांनी ऐकलं, पण ते वळले नाहीत.

दमणगंगा ओलांडताना मनकर्णाबाईंनी एका हातानं होडीची फळी आणि दुसऱ्या हातानं वसंतरावांची बाही घट्ट धरली.

"शालिक बी असाच भेत होता पान्याले," त्या म्हणाल्या. "कन्हानले नेलं आंघोळीले का काठावरच बसे. मी म्हनो, पलटनीत काय करशीन गा तू? तं म्हने, माय, पलटनीत चालाचं असते, पोहाचं नाई."

रुपराव पाण्याकडे बघत होते. "हे कधी सांगतलं नाई तू मले," ते म्हणाले.

"तुमी कधी इचारलं?"

पलीकडे उतरून तिघं विचारत विचारत चालले. दुपारचं ऊन होतं, रस्ता धुळीचा, कडेनं ताडाची झाडं. विमानतळाचं कुंपण दिसलं तशी वस्ती संपली आणि शेतं लागली. भात कापून झालं होतं, काही तुकड्यांत वाल पेरला होता. एका बांधावर एक म्हातारी गवत कापत बसली होती. वसंतरावांनी तिला हिंदीत विचारलं. तिनं विळा थांबवला आणि आपल्या गुजराती वळणाच्या हिंदीत सांगितलं.

"सिपाई लोग? हां, इधरसेच आये थे. रात भर धडाधड धडाधड. हम सब घर में खटिया के नीचे. दूसरे दिन बाहर निकले तो सब शांत. गाडी आई, सबको उठा ले गई."

"कहां गिरे थे, कुछ याद है? कोई जगह?"

म्हातारीनं विळ्यानंच समोर सगळीकडे दाखवलं. कुंपण, शेतं, ताडाची रांग. "कोई इधर, कोई उधर. अंधेरे में किसने देखा, भाई?" मग तिची नजर मनकर्णाबाईंकडे गेली. "इनका कोई था?"

"माझा लेक," मनकर्णाबाई मराठीतच म्हणाल्या.

म्हातारीला ते समजावून सांगावं लागलं नाही. तिनं विळा खाली ठेवला, उठली आणि झाडाखाली ठेवलेला पाण्याचा लोटा घेऊन आली. मनकर्णाबाई पाणी प्यायल्या. मग त्यांनी विचारलं, "हे वावर तुमचं होय का, बाई?"

वसंतरावांनी विचारलं. होय, तिचंच होतं. तेव्हा सासऱ्याचं होतं, आता तिच्या मुलाचं.

मनकर्णाबाईंनी चपला बांधावर काढल्या, खळ्यात शिरताना काढतात तशा, आणि त्या वालाच्या कडेनं आत गेल्या. थोडं चालल्या, थांबल्या, पुन्हा चालल्या. मग उकिडव्या बसल्या आणि मूठभर माती उचलून बोटांनी चुरली. वसंतराव बांधावर उभे होते. आता त्या रडतील, म्हणून ते वाट पाहत होते. रुपरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग बांधावर पाठ फिरवून बसले आणि त्यांचेच खांदे हलू लागले.

बऱ्याच वेळानं मनकर्णाबाई उठून आल्या.

"माती काही काळी नाई," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पन बरी हाये. वाल चांगला धरला." मग चपला पायात सरकवता सरकवता म्हणाल्या, "मले वाटे गोटेच गोटे असन. वावरात पडला तं बरं झालं. आपलं तं वावर बी नाई राह्यलं."

मनकर्णाबाईंनी हात पुढं केला, तो धरून रुपराव उठले.

गाडी चुकली. नागपूरच्या मंडळींना वापीच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघत थंडीत बसावं लागलं. तिच्यात आरक्षण नव्हतं, लोक पेट्यांवर बसून आले. यमुताईंनी मनकर्णाबाईंना आपली शाल दिली आणि वसंतरावांबद्दलची तक्रारही त्यांनीच सदरला जाऊन ताराचंदजींकडे केली. दोन्ही गोष्टी त्यांना योग्य वाटल्या.

ताराचंदजी मोठ्यानं बोलले नाहीत. "वसंतरावजी, आप थक गये हो," ते म्हणाले. "अब ऑफिस में बैठो. बुकिंग देखो." खोटं काय होतं त्यात? वसंतराव थकलेच होते. घरी पत्नी नीलाताई म्हणाल्या, "बरं झालं. हिवाळ्यात घरी तरी असाल." दुसऱ्या दिवसापासून ते दाराजवळच्या टेबलाशी बसू लागले. दमणला काय पाहण्यासारखं आहे, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "तट आहे. गाव आहे. समुद्र जरा मातकट आहे." मग ताराचंदजी आतून येऊन पुढचं सांगत.

उन्हाळा लागता लागता एक दिवस रुपराव बसनं सदरला आले. धाकट्याला मुलगी झाली होती, बारसं होतं. "थिनं सांगतलं, तुमी आल्याबिगर पाळना हालत नाई," ते म्हणाले.

वसंतराव गेले. कोराडीच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक एकामागून एक चालले होते. वसाहतीत क्वार्टरच्या दारात मांडव घातला होता आणि दोरीवरच्या कपड्यांवर राखेची बारीक भुकटी बसली होती. मनकर्णाबाई लगबगीनं पुढं आल्या, पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला. पुरुषांच्या पंगतीत सगळ्यात पहिला.

शेजारपाजारच्या बायका पाळण्याभोवती बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं वसंतरावांच्या कोट-टोपीकडे पाहत विचारलं, "हे पावने कोन होय वं, मनकर्णाबाई? तुमच्या म्हायेरचे का?"

"नाई वं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आमच्या शालिकच्या गावचे होय."

विचारणारीनं पदर डोक्यावरून सारखा केला. "लयच लांबून आले, बाप्पा," ती म्हणाली. "वाढा त्याईले आधी."

वसंतराव जन्मापासून नागपूरच्या महालात राहिलेले. दमणला ते दरवर्षी जेमतेम एक-दोन रात्री काढत. त्यांनी रुपरावांकडे पाहिलं. रुपराव पत्रावळी मांडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

वसंतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते पाटावर बसले.